सुरतेचं जहाज, लंडनची दालनं

लंडनच्या प्राणिबागेत दोन तरुण प्राणी बघायला गेले आणि गर्दी पिंजरे सोडून त्यांच्याचभोवती जमली. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याची ती पहिली वर्षं. पारशी पोशाख लंडनच्या सामान्य माणसाने तोवर क्वचितच पाहिला असेल. पक्ष्यांबद्दल आणि चार पायांच्या प्राण्यांबद्दल लोकांना जेवढं कुतूहल होतं, तेवढंच ते आमच्याबद्दलही असावं, अशा अर्थाची नोंद या दोघांनी पुढे आपल्या पुस्तकात केली. बघायला आलेला माणूस स्वतःच बघण्याची वस्तू कसा होतो, हे त्यांनी शांतपणे टिपलं आणि आपलं बघणं चालू ठेवलं.

जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेहरवानजी अशी त्यांची नावं. दोघं एकाच वाडिया घराण्यातले, वय विशीच्या आसपास. मुंबईच्या गोदीत जहाजबांधणी शिकणारे हे तरुण १८३८ मध्ये शिडाच्या जहाजातून इंग्लंडला निघाले, चॅटमच्या सरकारी गोदीत शिकले आणि १८४१ मध्ये लंडनलाच त्यांचं इंग्रजी पुस्तक छापलं गेलं. ग्रेट ब्रिटनमधल्या अडीच वर्षांच्या मुक्कामाची ती रोजनिशी. त्यात गोदी आहे, संसद आहे, नाटकं आहेत, आणि लंडनची प्रदर्शनाची दालनंही आहेत. परदेशी शिकायला गेलेल्या भारतीय विद्यार्थ्यांनी तिथली दालनं पाहून त्यावर सविस्तर लिहिल्याची ही अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी एक गोष्ट. आणि या घराण्याची मुळं आहेत तापीच्या काठी, सुरतेत.

मराठी वाचकाला सुरत म्हटलं की १६६४ आठवतं, १६७० आठवतं. शिवाजी महाराज दोनदा सुरतेवर का चालून गेले, तिथे एवढी संपत्ती कुठून आली, या प्रश्नाचं उत्तर तापीच्या पाण्यात होतं. जेद्दा, बसरा, मोखा, आचे इथपर्यंत जाणारी जहाजं या बंदराची. ती जहाजं बांधणारे सुतार त्याच काठावर राहत. व्यापाऱ्यांची नावं इतिहासात राहिली. सुतारांचं नाव मात्र त्यांच्या कामात राहिलं, आणि ते काम आजही पाण्यावर तरंगतं आहे. ते कसं, ते पुढे येईलच.

खाच, कापूस आणि सागवान

१७३५ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेत ‘क्वीन’ नावाचं जहाज बांधायला दिलं. त्या कामावर देखरेख करायला मुंबईहून आलेल्या डडली नावाच्या अधिकाऱ्याच्या नजरेत एक तरुण पारशी सुतार भरला. त्याचं नाव लवजी नसरवानजी. कंपनीला मुंबईत स्वतःची गोदी हवी होती. १७३६ मध्ये लवजी काही निवडक सुतार बरोबर घेऊन मुंबईला गेले. १७५० मध्ये मुंबईत कोरडी गोदी उभी राहिली. समुद्राचं पाणी आत घ्यायचं, जहाज आणायचं, दार बंद करून पाणी काढून टाकायचं, की जहाजाचा तळ सुतारांच्या हाताशी येतो. लवजींपासून पुढची जवळपास दीडशे वर्षं मुंबई गोदीतल्या मुख्य बांधणाऱ्याची जागा वाडिया घराण्याकडेच राहिली आणि तीनशेहून अधिक जहाजं त्यांच्या हाताखालून पाण्यात उतरली. जहांगीर या घराण्याच्या पाचव्या पिढीतला. लवजी त्याचे खापरपणजोबा.

या सुतारांची करामत काय होती, हे समजून घेण्यासारखं आहे. युरोपात जहाजाच्या फळ्या शेजारी शेजारी बसवायच्या आणि मधल्या फटीत जुन्या दोरांचा भुगा ठोकून वर डांबर ओतायचं, अशी पद्धत होती. लाकूड उन्हापाण्याने हललं की फट उघडायची, भुगा निघायचा, पाणी आत यायचं. म्हणून दर थोड्या काळाने ते काम नव्याने करावं लागे. सुरतेचा सुतार फळीच्या कडेला लांबच लांब खाच पाडायचा आणि दुसऱ्या फळीची कड तिच्यात नेमकी बसेल अशी तासायचा. दोन्ही कडांना राळेचा लेप द्यायचा, मध्ये कापसाचा पातळ थर ठेवायचा आणि फळ्या एकमेकींत दाबून बसवायच्या. सांधा एवढा घट्ट की पाण्याला सरळ वाटच उरत नाही. वाट काढायची तर त्याला खाचेत वळण घ्यावं लागतं आणि त्या वळणावर राळ आणि कापूस बसलेले असतात. सतराव्या शतकात सुरतेला आलेले युरोपीय प्रवासीही या सांध्याचं कौतुक करून गेले.

दुसरी गोष्ट लाकडाची. इंग्लंडची जहाजं ओकची. ओकच्या लाकडात टॅनिनचं आम्ल असतं आणि ते लोखंडी खिळ्यांना खातं. सागवानात तेल असतं. ते खिळ्याला गंजू देत नाही आणि लाकडाला कुजू देत नाही. युद्धात तोफेचा गोळा ओकच्या फळीवर आदळला की तिच्या टोकदार ढलप्या उडत आणि गोळ्याइतकीच माणसं त्या ढलप्यांनी जखमी होत. साग तसा फुटत नाही. नेपोलियनशी चाललेल्या लढायांनी इंग्लंडची ओकची जंगलं ओरबाडली गेली, तेव्हा तिथल्या नौदलाचं लक्ष मलबारच्या सागाकडे आणि मुंबईच्या गोदीकडे वळलं. १८१० मध्ये ‘मिंडेन’ मुंबईत पाण्यात उतरली. ७४ तोफांची ही युद्धनौका बांधणारे होते जमशेटजी बमनजी, म्हणजे जहांगीरचे आजोबा. १८१३ ची ‘कॉर्नवॉलिस’ही मुंबईचीच. १८४२ मध्ये चीन आणि ब्रिटन यांच्यातला नानकिंगचा तह याच जहाजावर झाला.

ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात जमशेटजींचं तैलचित्र आहे. अंगात पांढरा अंगरखा, डोक्यावर पागोटं, हातात कंपास, कमरेला खोचलेली चांदीची मोजपट्टी. दरबारी माणसाने तलवार मिरवावी तशी त्यांनी मोजपट्टी मिरवली आहे. ज्याला हुनराचा मान कळतो त्याने या चित्रासमोर जरूर थांबावं.

जिथे उद्याचा दिवस मांडून ठेवला होता

आता पुन्हा त्या दोन तरुणांकडे. ते लंडनला पोचले तेव्हा संग्रहालय ही गोष्ट स्वतःच बदलत होती. ब्रिटिश म्युझियमचं दार सामान्य माणसासाठी हळूहळू रुंद होत होतं. १८३७ च्या ईस्टरच्या सोमवारी, म्हणजे सुटीच्या दिवशी ते पहिल्यांदा खुलं ठेवलं, तेव्हा एका दिवसात हजारो लोक येऊन गेले. लेडनहॉल रस्त्यावरच्या ईस्ट इंडिया हाउसमध्ये कंपनीचं स्वतःचं संग्रहालय होतं. श्रीरंगपट्टणहून आणलेला टिपूचा लाकडी वाघ तिथे ठेवला होता. कळ फिरवली की तो गुरगुरायचा आणि त्याच्या पंजाखालचा गोरा शिपाई कण्हायचा. जिंकलेल्या देशाचा इतिहास जिंकणाऱ्याच्या घरात कसा मांडला जातो, याचा हा नमुना आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

पण या दोघांना झपाटून टाकलं ते दुसऱ्याच दोन दालनांनी. एक, १८३२ मध्ये सुरू झालेली ॲडलेड गॅलरी. दुसरी, १८३८ मध्येच रीजंट स्ट्रीटवर उघडलेली पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूशन. इंग्लंडात आम्ही दुसरं काहीही पाहिलं नसतं, तरी या दोन जागांसाठी हिंदुस्थानातून इथवर आलेल्या प्रवासाचं सार्थक झालं असतं, अशा अर्थाचं त्यांनी लिहून ठेवलं आहे.

असं काय होतं तिथे? ॲडलेड गॅलरीत एका लांब हौदात आगबोटींच्या चालत्या प्रतिकृती फिरत. जेकब पर्किन्सची वाफेवर चालणारी बंदूक धडाधड गोळ्या सोडून दाखवत असे. दक्षिण अमेरिकेतून आणलेला विजेचा झटका देणारा मासा ठेवला होता आणि १८३८ मध्ये त्याच्यावर खुद्द मायकल फॅरडे यांनी प्रयोग केले. पॉलिटेक्निकमध्ये पाण्यात उतरणारी लोखंडी घंटा होती. भाडं भरून पाहुणे तिच्यात बसत आणि ती खाली सोडली तरी आतल्या हवेच्या दाबामुळे कोरडे राहत. १८४१ च्या वसंतात त्याच इमारतीच्या छतावर रिचर्ड बिअर्ड यांनी इंग्लंडमधला पहिला फोटो स्टुडिओ उघडला. ऊन जास्तीत जास्त मिळावं म्हणून तो छतावर होता.

जुन्या काळची हाडं आणि मूर्ती या दालनांत नव्हत्या. तिथे उद्या यायची असलेली यंत्रं मांडली होती, तीही चालू स्थितीत. आणि ती बघणारे होते लाकडी जहाजाच्या फळ्या ओळखणाऱ्या घरातले. हौदातली छोटी आगबोट इतरांना गंमत वाटत असेल. या दोघांना तिच्यात आपल्या धंद्याचं पुढचं शंभर वर्षांचं भविष्य दिसू शकत होतं. वाफ त्यांना अनोळखी नव्हती. मुंबईच्या गोदीत १८२९ मध्ये ‘ह्यू लिंडसे’ नावाची आगबोट बांधली गेली होती आणि १८३० मध्ये ती मुंबईहून सुएझला जाऊन आली होती. पण आगबोटीचं यंत्र इंग्लंडचं आणि सागवानी सांगाडा मुंबईचा, अशी ती विभागणी होती. ज्याच्या हाती यंत्र, त्याच्या हाती पुढचा धंदा, हे गोदीत वाढलेल्या मुलाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

काळही कसा जुळून आला होता! १८३८ च्या एप्रिलमध्ये, हे दोघं शिडाच्या जहाजात असताना, ‘सिरियस’ आणि ‘ग्रेट वेस्टर्न’ या आगबोटींनी वाफेच्या बळावर अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्क गाठलं होतं. ते इंग्लंडात शिकत होते त्या वर्षांत ब्रिस्टलला ‘ग्रेट ब्रिटन’ बांधली जात होती. तिचा सांगाडा लोखंडाचा आणि मागे पाणी कापणारा स्क्रू. १८४३ मध्ये ती पाण्यात उतरली. आज तीही ब्रिस्टलच्या गोदीत संग्रहालय होऊन उभी आहे.

त्याच घराण्यातले अर्देशीर करसेटजी वाडिया १८३९ मध्ये इंग्लंडला पोचले. ते तर वाफेच्याच मागे लागलेले. त्यांनी १८३४ मध्ये माझगावच्या आपल्या घरी गॅसचे दिवे लावून मुंबईला थक्क केलं होतं. १८४१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. म्हणजे एकाच घरातली तीन माणसं एकाच वेळी लंडनमध्ये होती आणि तिघंही एकाच प्रश्नाचा माग काढत होती: हे चालतं कसं?

छपराखाली झाकलेलं जहाज

हे दोघं चॅटमला शिकत होते, तेव्हा पोर्ट्‌समथच्या बंदरात डोलकाठ्या उतरवलेलं, वर छप्पर घातलेलं एक जहाज उभं होतं. नाव ‘त्रिंकोमाली’. जहांगीरच्या आजोबांनी बांधलेलं.

या जहाजाची जन्मकथाही विलक्षण आहे. नौदलाने त्याचे नकाशे मुंबईला पाठवले ते ‘जावा’ नावाच्या युद्धनौकेवरून. १८१२ च्या डिसेंबरमध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यापलीकडे अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’ला हरवलं आणि नकाशे तिच्यासकट नष्ट झाले. नकाशांची दुसरी प्रत पाठवावी लागली. १८१६ मध्ये काम सुरू झालं आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मलबारच्या सागाचं हे जहाज मुंबईच्या पाण्यात उतरलं. १८१९ मध्ये ते इंग्लंडला पोचलं तेव्हा नेपोलियन संपला होता, लढाया संपल्या होत्या. नव्या जहाजाला काम नव्हतं. डोलकाठ्या काढून, वर छप्पर बांधून ते ठेवून दिलं. पुढची पंचवीसहून अधिक वर्षं ते तसंच राहिलं. ओकचं जहाज इतकी वर्षं उभ्या उभ्या टिकवणं अवघड. सागाचं टिकलं.

१८४७ मध्ये ‘त्रिंकोमाली’ पुन्हा कामाला लागली. अमेरिका आणि वेस्ट इंडीजच्या समुद्रात, मग १८५२ ते १८५७ पॅसिफिकमध्ये. त्यानंतर ती शिकाऊ खलाशांची शाळा झाली. १८९७ मध्ये मोडीत जाण्याची वेळ आली, तेव्हा एका खासगी गृहस्थाने तिला विकत घेऊन ‘फुड्रॉयां’ हे नाव दिलं आणि ती पुन्हा मुलांना शिकवू लागली. विसाव्या शतकात कित्येक पिढ्यांची मुलं तिच्या डेकवर दोर ओढायला आणि गाठी मारायला शिकली. १९८७ च्या सुमारास तिला ईशान्य इंग्लंडमधल्या हार्टलपूलला नेलं. दहा वर्षांहून अधिक काळ दुरुस्ती चालली, ती २००१ मध्ये पूर्ण झाली आणि मूळ नावही परत मिळालं. आज हार्टलपूलच्या नौदल संग्रहालयातलं ते मुख्य आकर्षण आहे. ब्रिटनच्या नौदलाचं, आजही पाण्यावर तरंगणारं सर्वांत जुनं जहाज. नेल्सनचं ‘व्हिक्टरी’ वयाने मोठं, पण ते कोरड्या गोदीत आहे. ‘त्रिंकोमाली’च्या सांगाड्यातलं अर्ध्याहून अधिक लाकूड मूळचंच आहे, मुंबईत तासलेलं.

इथे काळाचं चक्र नजरेत भरतं. १८४० मध्ये ॲडलेड गॅलरीतली वाफ म्हणजे भविष्य आणि पोर्ट्‌समथचं जहाज म्हणजे अडगळ होती. १८६० मध्ये ‘वॉरियर’ ही पूर्ण लोखंडी सांगाड्याची युद्धनौका आली आणि लाकडी युद्धनौकांचे दिवस भरले. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला आणि आगबोटींना हिंदुस्थानचा जवळचा रस्ता मिळाला. पुढे ‘वॉरियर’ही जुनी झाली आणि आज तीही पोर्ट्‌समथला संग्रहालय होऊन उभी आहे. ॲडलेड गॅलरी तर फार वर्षं चाललीच नाही. ज्या जागेने या दोघांना भविष्य दाखवलं ती जागा नाहीशी झाली आणि ज्या हुनरातून ते आले होते तो टिकून संग्रहालयात पोचला. आज प्रयोगशाळेच्या दालनात जे नवं म्हणून मांडलं जातं, ते उद्याच्या इतिहासाच्या दालनाचं साहित्य असतं. काळ कुठे वळणार हे त्या दोघांना कळलं, कारण त्यांनी प्रत्येक वस्तूला ‘ही बनते कशी’ हा एकच प्रश्न विचारला.

सुरतेची नजर

मला वाटतं, हाच प्रश्न सुरतेतून परदेशी शिकायला जाणाऱ्या आजच्या मुलामुलींच्या हाती आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा इथे खानदेशातून येऊन स्थिरावलेली हजारो मराठी घरं आहेत. जी तापी भुसावळहून वाहत येते, तिच्याच काठावरच्या दुसऱ्या टोकाला ही माणसं पोटासाठी आली आणि यंत्रमागावर, रंगाईछपाईत, हिऱ्यांच्या कारखान्यात रुजली. महानगरपालिका आजही त्यांच्या मुलांसाठी मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. या घरांतून निघालेला मुलगा किंवा मुलगी ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयात गेली, तर तिला काय दिसेल?

तिथे इजिप्तमधून आलेले छापील सुती कापडाचे हजाराहून अधिक तुकडे आहेत. पर्सी न्यूबेरी या इजिप्तच्या अभ्यासकाने ते जमवले. हे कापड छापलं होतं गुजरातेत. जहाजातून ते तांबड्या समुद्राकडे गेलं, कैरोजवळच्या फुस्तातमध्ये लोकांनी ते वापरलं, जुनं झाल्यावर फेकलं आणि कोरड्या वाळूने ते शेकडो वर्षं सांभाळलं. काही तुकडे हजार वर्षांच्या आसपास जुने आहेत. याच तऱ्हेच्या नक्षीचं कापड इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर घराघरांत वारसा म्हणून जपलेलं सापडलं. गुजराती छापेकारांचा माल पश्चिमेला नाईलपर्यंत आणि पूर्वेला सुलावेसीपर्यंत पोचत होता.

इतर पाहुण्यांना त्यात जुनी, विटलेली चिंधी दिसेल. रंगाईच्या कारखान्याशेजारी वाढलेल्या मुलीला त्यात कृती दिसेल. तुरटीचं पाणी लावलेल्या जागी मुळांचा रंग लाल बसतो, लोखंडाचं पाणी लावलेल्या जागी तोच रंग काळपट होतो, आणि जिथे मेण किंवा चिकट लेप लावलेला असतो तिथे निळीच्या कुंडात बुडवूनही कापड पांढरं राहतं. मुळांच्या रंगात एकदाच बुडवायचं, आणि तरी लाल आणि काळपट असे दोन रंग. रंग कापडावर नुसता बसत नाही, तुरटी त्याला धाग्याशी बांधून ठेवते. म्हणून हजार वर्षांनंतरही तो धुऊन गेलेला नाही. हे रसायनशास्त्र त्या छापेकाराला पुस्तकातून आलं नव्हतं. बापाच्या शेजारी बसून आलं होतं.

हिऱ्याचंही तसंच. लंडनच्या टॉवरमध्ये कोहिनूर बघणाऱ्यांची रांग असते. आपल्याकडचे लोक तिथे हळहळतात, आणि ते साहजिकच आहे. पण सुरतेतल्या रत्नकलाकाराच्या मुलाला तिथे आणखी एक गोष्ट दिसायला हवी. १८५१ च्या महाप्रदर्शनात कोहिनूर ठेवला तेव्हा लंडनकर निराश झाले, कारण तो झळकेना. हिंदुस्थानात मोठा दगड होईल तितका मोठा राखायची रीत होती, वजन हीच त्याची प्रतिष्ठा. युरोपला आतून परतणारा प्रकाश हवा होता. १८५२ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या कारागिरांना बोलावून, वाफेच्या इंजिनावर फिरणाऱ्या चकतीवर तो घासला गेला. १८६ कॅरेटचा दगड १०६ कॅरेटच्याही आत आला. चाळीस टक्क्यांहून अधिक वजन भुकटी होऊन गेलं.

आज जगातले बहुतेक हिरे सुरतेच्या घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चकतीवर, पैलू घेतात. एक पैलू पाडायला कोन किती धरायचा, कोनात किंचित फरक पडला तर प्रकाश कुठून निसटतो, हे वराछा आणि कतारगामच्या गल्ल्यांत रोज ठरतं. त्या गल्लीतून आलेला विद्यार्थी काचेपलीकडच्या कोहिनूरसमोर उभा राहिला की त्याला साम्राज्याबरोबर एक तांत्रिक निर्णयही दिसतो: वजनापेक्षा चमक. इतिहासाच्या एवढ्या मोठ्या वळणात कारागिराचा कोनही मोजावा लागतो.

बघून आल्यावर

परदेशातल्यासारखी दालनं इकडेही उभी राहिली, याची उदाहरणं आपल्या आसपासच आहेत. मुंबईच्या भायखळ्यात १८७२ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम लोकांसाठी उघडलं. त्याच्या उभारणीत डॉ. भाऊ दाजी लाड यांचा मोठा वाटा होता आणि आज ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. सुरतेत १८९० मध्ये तिथल्या विंचेस्टर नावाच्या कलेक्टरच्या नावाने संग्रहालय सुरू झालं. ते आता सरदार वल्लभभाई पटेल यांच्या नावाने सुरतेच्या सायन्स सेंटरमध्ये आहे.

सगळ्यात मोठं उदाहरण बडोद्याचं. सुरतेला लागून असलेलं नवसारी तेव्हा बडोदे संस्थानात होतं आणि संस्थानाचे राजे होते सयाजीराव गायकवाड, नाशिक जिल्ह्यातल्या कौळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक आलेले. १८८७ मध्ये ते पहिल्यांदा युरोपला गेले. १८९४ मध्ये बडोद्याच्या संग्रहालयाची इमारत उभी राहिली. युरोपीय चित्रं आणण्यासाठी त्यांनी लंडनचे कलासमीक्षक मॅरियन स्पिलमन यांची मदत घेतली. पहिलं महायुद्ध सुरू झाल्याने चित्रं इंग्लंडातच अडकून पडली आणि चित्रदालन १९२१ मध्ये खुलं झालं. याच राजाने १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर या तरुणाला शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कला पाठवलं. परदेशात जे चांगलं दिसलं ते आपल्या प्रजेच्या दारात यायला हवं, मग ती चित्रं असोत की शिक्षण, असा तो एकच ध्यास होता.

जहांगीर आणि हिरजीभाई मुंबईला परतून गोदीच्या कामाला लागले. त्यांनी संग्रहालय उभारलं नाही. पण त्यांनी जे पाहिलं ते लिहिलं, आणि माझ्या मते हे कमी मोलाचं नाही. ॲडलेड गॅलरीत त्या काळी असंख्य इंग्रज येऊन गेले. त्यांतल्या बहुतेकांनी काय पाहिलं, त्यांना काय वाटलं, याचा पत्ता नाही. सुरतेच्या सुतारकुळातल्या दोन मुलांना काय वाटलं ते मात्र आपल्याला ठाऊक आहे, कारण त्यांनी ते छापलं. प्राणिबागेतली ती गर्दीही त्यांच्या नोंदीमुळेच आपल्याला दिसते. ज्यांना लोकांनी कुतूहलाची वस्तू मानलं, त्यांच्याच लेखणीतून ते लोक आज आपल्या कुतूहलाचे विषय झाले आहेत.

म्हणून परदेशी जाणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला मनापासून सांगावंसं वाटतं. जाण्याआधी आपल्या गावचं संग्रहालय बघून जा. सुरतेत असाल तर चौकबाजारचा किल्ला बघा. पोर्तुगीजांच्या हल्ल्यांपासून बचावासाठी सोळाव्या शतकात गुजरातच्या सुलतानाच्या हुकमावरून खुदावंदखानाने बांधलेला हा किल्ला महापालिकेने दुरुस्त करून संग्रहालय म्हणून खुला केला आहे. त्याच्या बुरुजावरून तापी दिसते, जिथे एकेकाळी जहाजं लागत. डच आणि इंग्रजांच्या कबरींच्या जागी जा. तिथले घुमट इतके भव्य आहेत की व्यापारी म्हणून आलेली माणसं इथे किती श्रीमंत झाली, हे दगडातच वाचता येतं. हे पाहून गेलेला विद्यार्थी लंडनच्या किंवा ॲम्स्टरडॅमच्या दालनात नुसता पाहुणा राहत नाही. समोरच्या वस्तूचा दुसरा अर्धा भाग त्याच्या गावी आहे, हे त्याला माहीत असतं.

आणि तिथे पोचल्यावर वस्तूसमोर थांबून तिच्याखालच्या पाटीच्या पलीकडचं विचारा. ही कशाची आहे? ती कुठल्या हाताने, कुठल्या हत्याराने बनवली? ती इथवर कोणत्या मार्गाने आली? तुमच्या घरी सुतारकाम असेल, माग असेल, घंटी असेल, शेती असेल, तर या प्रश्नांची उत्तरं मार्गदर्शकाच्या आधी तुम्हाला सुचतील. मग ती लिहून ठेवा, आपल्या भाषेत, तारीख घालून, आपल्या माणसांसाठी. संग्रहालयात वस्तू जपायला लोक आहेत. ती वस्तू कशी बनते हे आतून जाणणाऱ्याने तिच्याबद्दल काय म्हटलं, ते जपायचं काम मात्र आपलंच आहे, आणि त्याला लागते ती एक वही आणि थोडा वेळ.